अपडेटनंतर तापणारा लॅपटॉप

लॅपटॉपमधला प्रोसेसर जितकी वीज खातो, जवळजवळ तितकीच उष्णता बाहेर टाकतो. पंख्याची मोटर विजेवर फिरते, दिवा प्रकाश देतो. प्रोसेसरच्या बाबतीत असे काही घडत नाही. हिशेब असो, गाणे असो की चित्रपट, ट्रान्झिस्टरांतून गेलेली वीज शेवटी उष्णता होऊनच उरते. घरोघरी दिसणाऱ्या पातळ लॅपटॉपमधले बरेच प्रोसेसर साधारण १५ वॉट धरून आखलेले असतात, तर गेमिंगच्या जाडजूड यंत्रांतले ४५ वॉट किंवा त्याहून जास्त. काम अंगावर आले की थोडा वेळ ते याच्या दुप्पट-तिप्पट वीजही ओढतात. ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट झाल्यावर लॅपटॉप तापू लागला, तर त्याचे कारण दोहोंपैकी एक असते. एकतर प्रोसेसर पूर्वीपेक्षा जास्त वीज खात असतो, नाहीतर तयार झालेली उष्णता पूर्वीच्या वेगाने बाहेर पडत नसते. पहिल्या प्रकारात दोष सॉफ्टवेअरमध्ये शोधायचा, दुसऱ्यात पंख्यात आणि धुळीत. हा फरक आधी न केल्याने पुष्कळ पैसे आणि वेळ वाया जातो. धडधाकट यंत्राचे स्क्रू उघडले जातात, आणि धुळीने गच्च भरलेल्या यंत्रावर फॉरमॅट मारला जातो.

उष्णता बाहेर कशी पडते, हे कळले की पुढचे निदान सोपे जाते. प्रोसेसरची चिप जेमतेम एक-दोन चौरस सेंटिमीटरची असते. तिच्यावर थर्मल पेस्टचा पातळ थर, त्यावर तांब्याची पट्टी आणि पट्टीला जोडलेली चपटी तांब्याची नळी, म्हणजे हीट पाइप. ही नळी भरीव नसते. तिच्या पोकळीत कमी दाबाखाली थोडासा द्रव असतो, बहुधा पाणीच. चिपच्या बाजूला त्याची वाफ होते, ती दुसऱ्या टोकाला जाऊन थंड होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून पाणी पुन्हा परत येते. दुसऱ्या टोकाला पातळ पत्र्यांची दाट जाळी असते आणि पंखा तिच्यातून हवा फेकतो. पेस्ट का लागते, हे आकड्यांवरून समजते. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० एकक, चांगल्या पेस्टची ४ ते १० आणि स्थिर हवेची केवळ ०.०२६. पेस्ट तांब्याच्या मानाने अगदीच मंद, पण चिप आणि पट्टी यांच्यामधल्या सूक्ष्म फटींत ती नसेल तर तिथे हवा असते, आणि हवेतून उष्णता जवळपास जातच नाही.

तापमानाची कमाल मर्यादा चिप बनवणाऱ्यानेच ठरवलेली असते. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरांसाठी ती १०० अंश सेल्सिअस, एएमडीच्या अनेक प्रोसेसरांसाठी ९५ अंश. तिथवर पोचले की प्रोसेसर आपला वेग आपोआप कमी करतो, आणि तरीही पारा चढत राहिला तर यंत्र एका झटक्यात बंद होते. म्हणून चिप जळून जाईल ही सर्वसाधारण भीती अनाठायी आहे. त्रास होतो तो संथपणाचा, पंख्याच्या घरघरीचा आणि बॅटरी लवकर म्हातारी होण्याचा. पातळ लॅपटॉपवर व्हिडिओ संपादन चालू असताना ९० अंश दिसले तर त्यात वावगे काही नाही. काहीच काम चालू नसताना ७५-८० अंश दिसले, तर मात्र काहीतरी बिघडले आहे. निवांत अवस्थेत चांगले यंत्र बहुधा ४० ते ५५ अंशांच्या आसपास राहते.

यातच खोलीच्या तापमानाचा हिशेब येतो आणि आपल्याकडे तो दुर्लक्षित राहतो. पंखा चिपला आसपासच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. ठरावीक कामाला चिप हवेपेक्षा ठरावीक अंशांनी वरच राहते. एखादे यंत्र एका कामाला हवेपेक्षा ५५ अंशांनी वर जात असेल, तर २५ अंशांच्या खोलीत ते ८० वर राहील आणि ४० अंशांच्या खोलीत ९५ वर. ॲपल आपले लॅपटॉप १० ते ३५ अंशांच्या हवेत वापरायला सांगते. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याच्या मे महिन्यात दुपारचा पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा वातानुकूलन नसलेल्या खोलीत यंत्र निर्मात्याच्या मर्यादेबाहेरच चालत असते. अशा दिवसांत आलेल्या अपडेटवर उन्हाचे खापर फुटते. म्हणूनच अपडेटपूर्वीच्या आणि नंतरच्या तापमानाची तुलना करायची तर सारख्या हवेतच करावी.

मोठे अपडेट झाल्यावर पहिले काही तास, कधी एक-दोन दिवस, लॅपटॉप तापणे स्वाभाविक असते. 'अपडेट पूर्ण झाले' असे पडद्यावर आले तरी आतले काम संपलेले नसते. विंडोज आपल्या शोधयंत्रणेची सूची नव्याने बांधते, म्हणजे हजारो फाइली उघडून त्यांतले शब्द नोंदवते. डिफेंडर बदललेल्या फाइली तपासतो. विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर नावाची प्रक्रिया जुने घटक आवरते, डॉटनेटवर चालणाऱ्या प्रोग्रॅमांचे भाग नव्याने संकलित होतात, वनड्राइव्ह आपल्या फाइली पुन्हा मोजते. मॅकवर हेच काम स्पॉटलाइट करते आणि फोटोंचे ॲप चेहरे-दृश्ये ओळखण्यासाठी सगळा संग्रह पुन्हा चाळायला घेते. यावरचा उपाय म्हणजे काही न करणे. लॅपटॉप चार्जरला लावून, झाकण उघडे ठेवून, कठीण आणि सपाट जागेवर एक रात्र चालू ठेवावा, आणि तेवढ्या वेळात तो आपोआप झोपी जाणार नाही अशी सेटिंग करावी. बॅटरीवर असताना किंवा कोणी काम करत असताना यातली बरीच कामे मुद्दाम रेंगाळत चालतात. त्यामुळे दिवसातून तासभरच लॅपटॉप उघडणाऱ्याचा हा ताप आठवडाभर पुरतो.

यानंतर यंत्र पूर्णपणे नव्याने सुरू करणे गरजेचे असते आणि इथे विंडोज थोडी फसवते. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावर प्रणालीचा गाभा खरा बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत उचलली जाते. रोज रात्री लॅपटॉप बंद करणाऱ्याला टास्क मॅनेजरमध्ये यंत्र कित्येक दिवस सलग चालू असल्याची नोंद दिसते, ती यामुळेच. अडकलेली प्रक्रिया किंवा अर्धवट बसलेला ड्रायव्हर अशा शट डाउनने सुटत नाही. 'रीस्टार्ट' मात्र सगळे मुळापासून सुरू करते. अपडेटनंतर एकदा, आणि त्रास चालू राहिला तर पुन्हा एकदा, रीस्टार्टच निवडावे.

दोन-तीन दिवसांनीही ताप उतरला नाही, तर तपासणीला लागावे. पहिला प्रश्न एकच: काम कोण करते आहे? विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या सीपीयूच्या रकान्यावर टिचकी मारली की सर्वांत जास्त खाणारी प्रक्रिया वर येते. मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटर हेच दाखवतो, लिनक्सवर टॉप ही आज्ञा. सगळे प्रोग्रॅम बंद करून पाच-दहा मिनिटे वाट पाहावी आणि मग आकडा वाचावा. टास्क मॅनेजर उघडताक्षणी दिसणारा आकडा त्याच्या स्वतःच्या कामाने फुगलेला असतो. तापमानासाठी वेगळे साधन लागते, कारण टास्क मॅनेजर प्रोसेसरचे तापमान दाखवत नाही. एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प यांसारखी मोफत साधने ते दाखवतात. सीपीयू २-५ टक्क्यांवर निवांत आहे आणि तापमान तरीही ७५ च्या पुढे, तर बहुतेक वेळा अपडेट निर्दोष असते आणि धूळ किंवा पंखा दोषी. सीपीयू ३०-४० टक्के व्यग्र असेल, तर व्यग्र ठेवणारी प्रक्रिया धरायची.

मॅकवर या यादीत एक फसवे नाव हमखास भेटते: कर्नल टास्क. कधी कधी ते कित्येकशे टक्के सीपीयू घेताना दिसते आणि वापरणारा घाबरून त्यालाच गुन्हेगार ठरवतो. ॲपलच्याच खुलाशानुसार त्याचे एक काम तापमान आटोक्यात ठेवण्याचे आहे. यंत्र तापले की ते प्रोसेसरचा वेळ अडवून धरते, जेणेकरून खरोखर तापवणाऱ्या प्रक्रियेच्या वाट्याला कमी वेळ यावा. कर्नल टास्क हा परिणाम आहे; खरे कारण यादीत त्याच्या खाली सापडते.

व्यग्र प्रक्रिया अपडेटचीच असेल, तर दोष खुद्द अपडेटमध्ये असू शकतो. अशी उदाहरणे नोंदलेली आहेत. ३० ऑगस्ट २०१९ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीसाठी केबी ४५१२९४१ हे अपडेट दिले. ते बसल्यावर काहींच्या यंत्रांत शोधपट्टी आणि कोर्टाना हा आवाजी सहायक यांच्यामागची सर्चयूआय ही प्रक्रिया विनाकारण सीपीयू खाऊ लागली. मायक्रोसॉफ्टने दोष मान्य केला आणि १० सप्टेंबरच्या पुढच्या अपडेटमध्ये, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत, तो दुरुस्त केला. अशा प्रसंगी शहाणपण दोन गोष्टींत असते: मायक्रोसॉफ्टच्या 'ज्ञात अडचणीं'च्या यादीत आपल्या अपडेटचा क्रमांक आहे का ते पाहणे, आणि पुढचे अपडेट येताच ते लावणे. अपडेटच्या दोषाला वैतागून सगळी अपडेटे कायमची बंद करणाऱ्याकडे दुरुस्तीही पोचत नाही.

प्रक्रिया अपडेटची नसून दुसऱ्या कोणाची असेल, तर तो प्रोग्रॅम जुना पडल्याची शक्यता मोठी. मुदत संपलेला अँटिव्हायरस, लॅपटॉपसोबत आलेले निर्मात्याचे 'सहायक' सॉफ्टवेअर, प्रिंटरची देखरेख करणारी छोटी उपयोजने हे नेहमीचे संशयित. नव्या प्रणालीत त्यांना हवी ती सेवा सापडत नाही, आणि ती मिळेपर्यंत ते पुन्हा पुन्हा धडका देत राहतात. त्यांची नवी आवृत्ती घ्यावी किंवा ते काढून टाकावेत. निर्मात्याच्या सहायक सॉफ्टवेअरपैकी निम्म्यांची आठवण काढून टाकल्यावर कोणालाच येत नाही. पंखा आणि पॉवर मोड सांभाळणारे साधन मात्र ठेवावे. त्याचे कारण पुढे येते.

प्रोसेसर किती वीज खाणार, हे एकट्या प्रोसेसरच्या हातात नसते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वीजबचतीचे निर्णय मुख्यत्वे बायोस, म्हणजे यंत्र सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर, घेत असे. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे मानक प्रसिद्ध केले, आणि हे निर्णय ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती आले. त्यात लॅपटॉपचा निर्माता तापमानाच्या पायऱ्या तक्त्यात लिहून ठेवतो: इतक्या अंशांवर पंखा सुरू, इतक्यांवर वेग कमी, इतक्यांवर यंत्र बंद. पंख्याला प्रत्यक्ष हुकूम बहुधा एम्बेडेड कंट्रोलर नावाची छोटी स्वतंत्र चिप देते. म्हणून विंडोज हँग झाली तरी पंखा फिरत राहतो. पण कोणत्या कामाला किती वीज द्यायची, याची वाटाघाट प्रणाली, चिपसेटचे ड्रायव्हर आणि निर्मात्याचे तापनियंत्रक ड्रायव्हर मिळून करतात. मोठ्या अपडेटमध्ये यांपैकी एखादा ड्रायव्हर बदलला किंवा गळून पडला, की तीच वाटाघाट वेगळ्या ठिकाणी येऊन थांबते. पंखा उशिरा सुरू होतो, नाहीतर प्रोसेसर उगाच वरच्या वेगात राहतो.

हा परिणाम वाटतो त्यापेक्षा मोठा असतो, कारण विजेचा खप वेगाच्या सरळ प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि जास्त वेगासाठी व्होल्टेजही वाढवावे लागते. वेग २० टक्के आणि व्होल्टेज १० टक्के वाढले, तर खप सुमारे ४५ टक्क्यांनी वाढतो. वापरणाऱ्याला वेगातला फरक जाणवतही नाही. हाताला चटका मात्र जाणवतो.

सॉफ्टवेअर हा थंडाव्याचाच एक भाग कसा आहे, हे ॲपलच्या एका प्रकरणात दिसले. जुलै २०१८ मध्ये आलेला मॅकबुक प्रो, विशेषतः त्याचा कोअर आय९ प्रकार, जड कामात आपल्या २.९ गिगाहर्ट्झ या मूळ वेगाच्याही खाली घसरत होता. पंखे आणि हीट पाइप अपुरे आहेत, असा सर्वांचा तर्क झाला. २४ जुलैला ॲपलने जाहीर केले की फर्मवेअरमधली एक डिजिटल किल्ली राहून गेली होती आणि तिचा परिणाम तापनियंत्रणावर होत होता. दुरुस्तीसाठी आले ते केवळ एक अपडेट. यंत्र पातळ असल्याने ते त्यानंतरही तापतच होते. वेगाची घसरण तेवढी आटोक्यात आली.

लिनक्समध्ये याच्या उलट घडले होते. २०११ साली आलेल्या उबुंटू ११.०४ मध्ये कर्नलची, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याची, २.६.३८ ही आवृत्ती होती. ती बसवल्यावर बऱ्याच लॅपटॉपचा विजेचा खप वाढला, बॅटरी लवकर उतरू लागली. कारण शोधायला वेळ लागला. पीसीआय एक्सप्रेस जोडण्या निवांत असताना त्यांना कमी विजेवर नेण्याची एक सोय असते. बायोसच्या तक्त्यात या सोयीला नकार लिहिलेला दिसला की नवे कर्नल ती बंद करून टाकत असे, जरी बायोसने प्रत्यक्षात ती चालू ठेवलेली असली तरी. विंडोज अशा वेळी जोडण्यांना हात लावत नसे. तोच शिरस्ता पाळणारी कर्नल-विकासक मॅथ्यू गॅरेट यांची दुरुस्ती २०१२ च्या ३.३ या कर्नलमध्ये आली. तक्त्यातली एक चुकीची नोंद आणि तिचा शब्दशः घेतलेला अर्थ, एवढ्यावर वर्षभर यंत्रे जास्त वीज खात राहिली.

विंडोजवर सर्वांत जास्त घोळ ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचा होतो. अपडेटमध्ये निर्मात्याचा ड्रायव्हर बसला नाही, तर विंडोज 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' या सामान्य ड्रायव्हरवर काम भागवते. पडदा दिसतो, म्हणून कोणाला संशय येत नाही. पण ग्राफिक्स चिपमधली व्हिडिओ उलगडण्याची खास यंत्रणा वापरात येत नाही आणि यूट्यूबचा प्रत्येक व्हिडिओ प्रोसेसरला घाम फोडतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'डिस्प्ले अडॅप्टर्स'खाली हे नाव दिसले, की निदान झाले. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपमध्ये आणखी एक प्रकार घडतो. ब्राउझरसारखा साधा प्रोग्रॅमही मोठ्या चिपवर चढतो आणि ती झोपतच नाही. विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये 'डिस्प्ले'खाली 'ग्राफिक्स' हा भाग आहे. तिथे कोणत्या प्रोग्रॅमने कोणती चिप वापरावी हे ठरवता येते. ड्रायव्हर घ्यायचे ते लॅपटॉपच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरून, नेमके मॉडेल पाहून: आधी चिपसेट, मग तापनियंत्रण आणि वीज यांचे, मग ग्राफिक्स. 'सगळे ड्रायव्हर एका झटक्यात' अशी जाहिरात करणाऱ्या साधनांपासून दूर राहावे. ती एक दुखणे घालवून चार आणतात.

फर्मवेअर, म्हणजे बोलीभाषेतले बायोस, हेही हल्ली विंडोज अपडेटमधूनच येते, आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. त्याने काय बदलू शकते, याचा धडा २०१९ मध्ये मिळाला. इंटेलच्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसरचे व्होल्टेज थोडे उतरवून ताप कमी करण्याची युक्ती हौशी मंडळींत लोकप्रिय होती. वेग तोच राहून तापमान बऱ्यापैकी खाली येई. डिसेंबर २०१९ मध्ये बर्मिंगहॅम, ग्राझ आणि ल्यूव्हेनच्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी दाखवून दिले की नेमक्या क्षणी व्होल्टेज उतरवून प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यातल्या गणितात चुका घडवता येतात आणि त्यांवरून गुपिते काढता येतात. या हल्ल्याला प्लंडरव्होल्ट असे नाव मिळाले. त्यानंतरच्या बायोस अपडेटांनी अनेक लॅपटॉपांत व्होल्टेज बदलण्याची सोयच कुलूपबंद केली. ज्यांनी ही युक्ती करून ठेवली होती, त्यांची यंत्रे एका अपडेटनंतर एकाएकी तापू लागली. ती बिघडली नव्हती. निर्मात्याने पाठवली तशी पुन्हा झाली होती. उलट, तापनियंत्रणाचा तक्ता सुधारणारे बायोसही येत असते. म्हणून निर्मात्याच्या पानावर नवे बायोस आहे का, आणि त्याच्या टिपणात पंखा किंवा तापमान यांचा उल्लेख आहे का, हे पाहावे. ते बसवताना चार्जर लावलेला आणि बॅटरी भरलेली हवी, कारण मध्येच वीज गेली तर यंत्र सुरूच न होण्याचा धोका असतो. भारनियमनाच्या गावात हे काम घाईने करू नये.

मोठ्या अपडेटनंतर पॉवर मोडही बदललेला असू शकतो. विंडोज ११ मध्ये 'सिस्टिम'खालच्या 'पॉवर अँड बॅटरी'त तो 'बेस्ट परफॉर्मन्स'वर गेला असेल तर 'बॅलन्स्ड'वर आणावा. रोजच्या टंकलेखनाला आणि ब्राउझिंगला यापेक्षा जास्त लागत नाही. जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये प्रोसेसरची कमाल अवस्था १०० ऐवजी ९९ टक्के केली, तर बहुतेक इंटेल यंत्रांत टर्बो बूस्ट बंद होतो आणि तापमान लक्षणीय उतरते. एक टक्क्याचा हा बदल दिसायला क्षुल्लक असला, तरी मूळ वेगावरची सगळी उडी त्याने अडते. जड कामे हळू होतील, ही त्याची किंमत. अनेक नव्या लॅपटॉपवर ही नोंद लपवलेली असते. लिनक्सवर हीच कामे थर्मलडी आणि टीएलपी ही साधने करतात, आणि पॉवरटॉप कोणती प्रक्रिया प्रोसेसरला सारखी जागी करते ते दाखवते.

झाकण मिटून पिशवीत ठेवलेला लॅपटॉप भट्टीसारखा निघतो, ही तक्रार वेगळी आहे. पूर्वीच्या झोपेत मेमरी सोडून जवळपास सगळे बंद होत असे. 'मॉडर्न स्टँडबाय' या नव्या पद्धतीत यंत्र अर्धवट जागे राहते, जाळ्याशी जोडलेले असते, आणि अपडेट उतरवायला मध्येच उठू शकते. पिशवीत हवा खेळत नाही. लॅपटॉप बरोबर न्यायचा असेल तर झाकण मिटल्यावर 'स्लीप'ऐवजी 'हायबरनेट' व्हावे अशी सेटिंग करणे, हा यावरचा साधा आणि खात्रीचा उपाय.

सॉफ्टवेअर निर्दोष ठरले की पेचकस हाती घ्यावा. पंखा हवा ओढतो तशी धूळही ओढतो आणि ती पंख्यात कमी, पत्र्यांच्या जाळीच्या आतल्या तोंडावर जास्त साचते. कापसाचे तंतू, केस आणि धूळ मिळून तिथे नमद्यासारखा थर बसतो. बाहेरून तो दिसत नाही, त्यामुळे वरवर ब्रश फिरवून भागत नाही. असे यंत्र अपडेटपूर्वीही काठावरच चालत असते. अपडेटनंतरच्या जादा कामाने ते काठ ओलांडते, इतकेच. शहरात रस्ते आणि इमारतींची कामे बारमाही चालू असताना वर्ष-दोन वर्षांतून एकदा जाळी साफ करणे अवाजवी नाही. त्यासाठी यंत्र पूर्ण बंद करून चार्जर काढावा, खालचे झाकण उघडावे आणि सर्वप्रथम बॅटरीची जोडणी सोडवावी. हवेचा झोत मारताना पंख्याची पाती काडीने अडवून धरावीत. मोकळा सुटलेला पंखा आपल्या क्षमतेपलीकडे फिरून त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नये, कारण त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते. वॉरंटी चालू असेल, तर आधी तिच्या अटी वाचाव्यात.

पेस्ट काही वर्षांत सुकते, किंवा चिप रोज तापून-निवून तिला कडेला ढकलते. ओळखण्याची खूण अशी: जड काम सुरू करताच तापमान दोन-तीन सेकंदांत ९५ वर उडी मारते, पण जाळीतून येणारी हवा कोमटच असते. उष्णता चिपमधून निघतच नाही, असा त्याचा अर्थ. उलट हवा कढत असूनही तिचा जोर कमी असेल, तर जाळी तुंबली आहे. पेस्ट बदलताना जुनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढावी, नवी अगदी थोडी लावावी, आणि पट्टीवर कोरलेल्या आकड्यांच्या क्रमाने स्क्रू हळूहळू आवळावेत. आसपासच्या चिपांवरच्या मऊ थर्मल पट्ट्या हरवू नयेत. ज्याने हे कधी केलेले नाही, त्याने दुकानात करून घेणे बरे. दुकानदाराने 'लिक्विड मेटल' सुचवले तर नकार द्यावा. गॅलियमचे ते मिश्रण वीजवाहक असते, ॲल्युमिनियम खाऊन टाकते, आणि एक थेंब बाजूला सांडला तर मदरबोर्ड जातो. कूलिंग पॅडचा उपयोग तळाला हवेच्या जाळ्या असलेल्या यंत्रांनाच होतो. गादीवर आणि मांडीवर लॅपटॉप ठेवायचे सोडले, तर बऱ्याच जणांना त्याची गरजही उरत नाही.

झाकण उघडलेच आहे, तर बॅटरीही पाहून घ्यावी. ती फुगलेली असेल, टचपॅड वर उचललेले असेल किंवा झाकण नीट बसत नसेल, तर वापर तिथेच थांबवावा. अशी बॅटरी टोचू नये, दाबू नये, पुन्हा चार्ज करू नये. ती सर्व्हिस सेंटरकडे द्यावी.

सगळे करूनही गुण आला नाही आणि त्रास अपडेटच्याच दिवसापासून आहे, तर मागे फिरण्याची सोय असते. विंडोज ११ मध्ये मोठ्या अपडेटनंतर १० दिवसांपर्यंत 'रिकव्हरी'मधले 'गो बॅक' हे बटण जुनी आवृत्ती परत आणते. ही मुदत संपण्यापूर्वी एका आज्ञेने ती ६० दिवसांपर्यंत वाढवता येते. मुदतीनंतर जुन्या फाइली पुसल्या जातात आणि मग उरते ते नव्याने इन्स्टॉल करणे. महिन्याचे छोटे अपडेट असेल, तर ते 'अपडेट हिस्टरी'तून वेगळे काढता येते. बायोस मात्र अनेक यंत्रांत मागे नेता येत नाही. विंडोज १० कडे परतण्याचा विचार करताना लक्षात ठेवावे की तिचा मोफत, सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. काढून टाकलेले अपडेट लगेच पुन्हा बसू नये म्हणून विंडोज ११ मध्ये अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतात. तेवढ्यात दुरुस्ती आली तर उत्तमच. ती मुदत संपली की पुन्हा थांबवण्याआधी साचलेली अपडेटे बसवावीच लागतात.